दर पावसाळ्यात सायकल पुन्हा गंजते? आधी तिच्यावर गुंडाळलेलं प्लॅस्टिक काढा

दिवाळीत सर्व्हिसिंग करून घेतलं, नवी चेन टाकली, रिम आणि आरे पुसून चकचकीत केले. पुढच्या गणपतीपर्यंत चेन तांबडी, फ्रीव्हील कुरकुरतंय, ब्रेक दाबला की सुटायचं नाव घेत नाही. "भाऊ, सायकलले परत गंज चढी गया" हे वाक्य जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत पाऊस सरता सरता ऐकू येतं. तक्रार करणारा माणूस निष्काळजी असतो असंही नाही. उलट त्याने सायकलवर चांगलं जाड प्लॅस्टिक गुंडाळलेलं असतं, दोरीने करकचून बांधलेलं असतं. एवढं करूनही गंज येतो म्हणूनच तो वैतागतो.

सायकल बाहेर ठेवण्यावाचून कित्येकांना इलाज नाही. ओट्यावर मोटारसायकल आली, खळ्यात अवजारं आणि चारा, घरात धान्याच्या कोठ्या. त्यातून ही सायकल बऱ्याचदा शाळकरी मुलीची असते. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत त्याच सायकलवर शाळेची वाट पार होते. चेन अडकली की मुलीचा शाळेचा दिवस बुडतो. म्हणून हा विषय किरकोळ आहे असं मला अजिबात वाटत नाही.

माझं मत सरळ सांगतो. आपल्याकडे बाहेर उभ्या असलेल्या सायकली पावसात भिजून जेवढ्या खराब होतात, त्याहून जास्त कोंडलेल्या ओलाव्याने होतात. आणि पावसाळा येण्याआधीच उन्हाने त्यांचं रबर खाल्लेलं असतं. ही दोन वेगळी दुखणी आहेत, त्यांना एकच औषध चालत नाही. वर्षभर एकच प्लॅस्टिक पांघरून ठेवलं तर दोन्ही वाढतात.

आधी तपासा

पाऊस न झालेल्या एखाद्या रात्रीनंतर सकाळी सूर्य वर यायच्या आत सायकलजवळ जा. प्लॅस्टिक काढू नका, नुसता हात आत घालून त्याच्या आतल्या बाजूवरून फिरवा. हात ओला झाला, प्लॅस्टिकवर थेंब धरलेले दिसले, तर गंजाचं मूळ तिथेच आहे. रात्री पाऊस नव्हता, तरी पाणी आलं. ते जमिनीतून आलं.

आपली काळी माती पाणी धरून ठेवते. वरून कोरडी दिसली तरी दोन बोटं खाली ओल असते. ती वाफ होऊन वर येते, प्लॅस्टिक जमिनीपर्यंत टेकलेलं असेल तर बाहेर जायला वाट नसते. रात्री आभाळ निरभ्र असलं की प्लॅस्टिक आणि लोखंड हवेपेक्षाही जास्त थंड होतं, आणि आतली वाफ त्यांच्यावरच पाणी होऊन बसते. उघड्या लोखंडाला गंजायला धो धो पाणी लागत नाही. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की गंज वेग धरतो, आणि प्लॅस्टिकच्या आत ती रात्रभर त्याच्या कितीतरी वर असते. उघड्यावर भिजलेली सायकल वारा सुटला की दोन-तीन तासांत वाळते. गुंडाळलेली सायकल दोन-तीन दिवस ओलीच राहते.

दुसरी तपासणी त्याहून महत्त्वाची आहे: गंज नेमका कुठे आलाय ते बघा. जागा कारण सांगते.

हँडल, वरचा दांडा, कॅरियरची वरची बाजू, म्हणजे आभाळाकडे तोंड असलेले भाग गंजलेले असतील तर पाऊस आणि दव थेट पडतंय. छप्पर नाही, एवढंच.

वरचे भाग ठीक आहेत, पण चेनची खालची बाजू, स्टँड, मडगार्डच्या आतली बाजू आणि पायडलांच्या एक्सलची आडवी नळी तांबडी झालीय, तर ओल खालून येतेय. मातीवर उभी असलेली, जमिनीपर्यंत झाकलेली सायकल नव्वद टक्के वेळा अशीच दिसते.

एकाच अंगाला गंज असेल तर भिंतीकडे बघा. जुन्या धाब्याच्या घरांना वळचण नसतेच म्हटलं तरी चालेल. छताचं सगळं पाणी पन्हाळीतून एका ठिकाणी धारेने पडतं. सायकल नेमकी तिच्या आसपास असली की मातीसकट शिंतोडे रोज त्याच बाजूला बसतात. पत्र्याच्या घरात पागोळ्यांची रांग असते, तिथेही तेच. सायकल दोन हात सरकवली की हे दुखणं संपतं, पैसा लागत नाही.

आणि एक चौथा प्रकार, जो शेतकऱ्याच्या घरीच दिसतो. गंज सगळीकडे पातळ पसरलेला नसून ठिपक्याठिपक्यांनी खोल गेलेला असतो, रिमवरचं क्रोम फोड आल्यासारखं उठतं. अशा वेळी सायकलशेजारी काय ठेवलंय ते बघा. बहुतेक वेळा खताच्या गोण्या निघतात.

खत आणि गोठा

रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात पोटॅश घरोघरी असतं, कारण केळीला ते भरपूर लागतं. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, खायच्या मिठाचंच भावंड. क्लोराइड लोखंडाला काय करतं हे कोकणातल्या कुठल्याही माणसाला विचारा. समुद्र शेकडो किलोमीटर लांब असला तरी पत्र्याच्या शेडमध्ये फुटक्या गोणीशेजारी उभ्या सायकलला समुद्रकाठचाच गंज येतो. युरिया तर हवेतलं पाणी ओढून स्वतःच पाझरतो. गोणी उचलताना उडालेली भुकटी चेनवर, आऱ्यांच्या मुळाशी बसते, पावसाळी हवेत ओली होते आणि मग पुसलं तरी गंज थांबत नाही, कारण मीठ आतच राहिलेलं असतं.

इथे तेल लावून उपयोग नाही. आधी साध्या पाण्याने सायकल नीट धुवा, आऱ्यांची मुळं आणि रिमची आतली कड सोडू नका. कोरड्या कपड्याने पुसा, उन्हात वाळवा, मगच तेल. आणि जागा बदला. फवारणीचा पंप सायकलच्या हँडलला लटकवून ठेवायची सवयही सोडा.

गोठ्यात सायकल ठेवणाऱ्यांना वाटतं, डोक्यावर छप्पर आहे, मग काय बिघडणार. गोमूत्रातून अमोनिया सुटतो, जमीन कायम ओली असते, आणि अमोनिया पितळेला विशेष वाईट. ट्यूबच्या वाल्वचं पितळ हिरवं-निळं पडतं, आटे झिजतात आणि मग वाल्वचा नट नीट बसत नाही. गोठ्यापेक्षा उघडं अंगण बरं.

छप्पर द्या, पांघरूण नको

कोंडलेल्या ओलाव्यावर उपाय एकच आहे: सायकलवर छप्पर करायचं, तिला गुंडाळायचं नाही. वरून पाणी अडलं पाहिजे, बाजूंनी वारा खेळला पाहिजे, खालची ओल चाकापर्यंत पोचता कामा नये.

मोठी सायकल साधारण सहा फूट लांब, हँडल दोन फूट रुंद आणि साडेतीन फुटांच्या आसपास उंच. तिच्यासाठी सात फूट बाय चार फूट छप्पर पुरतं. एका बाजूने पाच फूट उंच, दुसऱ्या बाजूने चार फूट, म्हणजे पाणी साचत नाही. सांगाड्याला बांबू चालतो, शेतातल्या जुन्या पीव्हीसी पाइपाचे तुकडे चालतात. ठिबकचं काम झालेल्या कुठल्याही शेतात असे तुकडे बांधावर पडलेले असतात. त्याच मापाच्या पाइपाचे चार-चार बोटांचे तुकडे घ्या, करवतीने लांबीत एक चीर पाडा, की छान चिमटे तयार होतात. ताडपत्री सांगाड्याच्या पाइपावर घेऊन वरून हे चिमटे दाबून बसवले तर भोकं पाडावी लागत नाहीत आणि वाऱ्यात कड फाटत नाही. बांधायला सुतळी नको, ती पावसात कुजते. जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापा. त्या ताणल्या जातात, वाऱ्याचा झटका सोसतात.

छपराची उतरती, खालची बाजू पश्चिमेला घ्या. हे मुद्दाम सांगतो, कारण बहुतेक जण भिंत जिकडे असेल तिकडे छप्पर टेकवतात. तापीच्या खोऱ्यात पावसाळी वारं पश्चिमेकडून येतं, पाऊस तिरका त्याच अंगाने मारतो. आणि एप्रिल-मे महिन्यात दुपारी तीन ते सहाचं जे ऊन सगळ्यात जास्त भाजतं, तेही पश्चिमेचंच. पश्चिमेची एक बाजू नीट अडवली की दोन्ही ऋतूंचं निम्मं काम होतं. त्या बाजूला ताडपत्री आणखी खाली उतरवा, पण जमिनीपासून वीतभर मोकळी ठेवा. बाकी तिन्ही बाजू उघड्याच राहू द्या.

खाली शहाबादी फरशी, नसेल तर दोन ओळी विटा आणि त्यांच्यावर जुना सिमेंटचा तुकडा. चाकं मातीला टेकायला नकोत, हा नियम छपराइतकाच महत्त्वाचा. ज्यांना छप्पर करणं जमणार नाही, त्यांनी निदान एवढं तरी आजच करावं.

भाड्याच्या घरात खांब रोवता येत नाहीत. तिथे जिन्याखालची जागा किंवा भिंतीतला एक मजबूत हुक बघा. तेही नसेल आणि कव्हरच वापरायचं असेल, तर ते पायडलांच्या वरच संपेल असं कापा, खालून बांधू नका, आणि पाऊस नसेल त्या दिवशी काढून ठेवा. नुसती सीट आणि चेनचा भाग झाकलेली सायकल पूर्ण गुंडाळलेल्या सायकलपेक्षा चांगली राहते.

वाऱ्याचं मात्र विसरू नका. मे-जूनमध्ये उभ्या केळीच्या बागा झोपवणारं जे वादळ येतं, त्यात ताडपत्री शिडासारखी फुगते आणि सायकलसकट पडते. हँडल वाकडं, ब्रेक मोडलेला, गिअरची सायकल असेल तर मागचा गिअर आत गेलेला. ताडपत्री सायकलला बांधू नका. ताडपत्री सांगाड्याला, आणि सायकल वेगळी, खांबाला किंवा खिडकीच्या गजाला.

होळी ते रोहिणी: ऊन

लोक पावसाळ्याची तयारी करतात, उन्हाळ्याची करत नाहीत. भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा उन्हातलं काळं टायर आणि काळी सीट ६० अंशांच्या पुढे जाते. लोखंडाला त्याचं काही नाही. रबर, रेक्झिन, प्लॅस्टिक यांचं मात्र आयुष्य निघून जातं, आणि ते पावसाळ्यात उघड होतं.

सगळ्यात जास्त येणारी तक्रार: "रोज हवा भरतो, सकाळी चाक बसलेलं. ट्यूब पाण्यात बुडवून बघितली, पंक्चर सापडत नाही." साध्या सायकलच्या ट्यूबला जो जुन्या पद्धतीचा वाल्व असतो, त्याच्या आत एक बारीक रबरी नळी चढवलेली असते, वालट्यूब. उन्हाने ती आधी चिकट होते, मग कडक होऊन भेगाळते. तपासायला ट्यूब काढायचीच गरज नाही. चाक फिरवून वाल्व वर आणा, हवा भरा, वाल्वच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा एक थेंब ठेवा. बुडबुडा हळूहळू फुगला तर वालट्यूब गेली. बदलायला दोन मिनिटं लागतात, किंमत अगदी किरकोळ. दर होळीला न विचारता दोन्ही चाकांच्या बदलून टाकाव्यात, आणि दोन जादा घरात ठेवाव्यात.

"उन्हात हवा तापून ट्यूब फुटली" हेही नेहमीचं. यात अर्धंच खरं आहे. ३० अंशांना ४० पौंड हवा भरली आणि टायर ६० अंशांपर्यंत तापलं, तर दाब ४५ पौंडांच्या आसपास जातो. चांगलं टायर एवढ्याने फुटत नाही. फुटतं ते आधीच तडकलेलं टायर, किंवा सुटतं ते घाईत चिकटवलेलं ठिगळ, ज्याचं सोल्युशन उष्णतेने मऊ पडलंय. म्हणून हवा कमी भरून ठेवणं हा उपाय नव्हे. कमी हवेचं टायर वजनाने चेपतं, कडेला घडी पडते आणि तडा नेमका त्या घडीवर जातो. हवा पुरेशी ठेवा, टायरची कड महिन्यातून एकदा बोटांनी दाबून बघा. बारीक केसासारख्या रेघा चालतील. दाबल्यावर रेघेच्या आत धागे दिसले तर ते टायर पावसाळ्यात न्यायचं नाही.

सुट्टीत सायकल दीड-दोन महिने उभी राहते, ते टायरला आणखी वाईट. टायरच्या रबरात मेण मिसळलेलं असतं. चाक फिरतं, रबर लवतं, तसं ते मेण वर येऊन पृष्ठभाग राखतं. उभ्या टायरला ते मिळत नाही आणि हवेतला ओझोन त्याला तडे पाडतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुलगी मामाच्या गावी गेली असली तरी घरातल्या कोणीतरी आठवड्यातून एकदा सायकल गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणावी.

उन्हाळ्याला ताडपत्री वापरू नका. उन्हात तिचं प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि मृगाच्या पहिल्या सरीला ती गळते. उन्हाळ्यात शेडनेट बांधा, ७५ टक्के सावलीची, सांगाडा तोच. वारा आरपार जातो, सायकल तापत नाही. होळीला शेडनेट चढवायची, रोहिणी लागली की ताडपत्री, दिवाळीनंतर ताडपत्री घडी करून आत. मृग ७-८ जूनला लागतो, त्याआधी हे झालेलं असावं.

ब्रेकचे रबर उन्हाने दगडासारखे होतात. कोरड्या रिमवर कळत नाही, पहिल्या पावसात ब्रेक दाबला की सायकल थांबतच नाही. नखाने दाबून बघा, नख रुतलं नाही तर पॉलिश पेपरवर घासून वरचा कडक थर काढा, नाहीतर नवे घाला. मुलांच्या सायकलला यात हयगय नको.

चेनला काय लावायचं

गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून सर्रास लावलं जातं. मला ते अजिबात पटत नाही. इंजिनात जळून त्यात आम्लं आणि धातूचा कीस आलेला असतो, आणि ते एवढं चिकट असतं की आपल्याकडची धूळ त्यावर थापून बसते. तेल आणि धुळीचा तो काळा लेप चेनचे जोड आणि दाते झिजवतो. खोबरेल थंडीत गोठतं, खायचं तेल काही दिवसांत चिकट होऊन डिंकासारखं धरतं. शिलाई मशीनचं तेल कोरड्या दिवसांत ठीक, पण एका पावसात धुऊन जातं. डब्ल्यूडी-४० हे मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेलं. अडकलेला नट सोडवायला, ओल काढायला उत्तम, पण त्यावर विसंबून चेन महिनाभर चालणार नाही.

पावसाळ्यात मोटारसायकलचं नवं, न वापरलेलं इंजिन ऑइल लावा. पाव बाटली वर्षभर पुरते. चेन आधी डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा, वाळू द्या. मग पायडल उलटं फिरवत प्रत्येक जोडावर एकेक थेंब, पाच मिनिटं थांबा, आणि कोरड्या फडक्याने वरचं सगळं तेल पुसून काढा. ही शेवटची पायरी लोक गाळतात. तेल जोडाच्या आत हवं, बाहेर फक्त हात लावल्यावर जाणवेल एवढा थर. बाहेर तेल थबथबलेलं असेल तर तुम्ही धुळीसाठी जेवण वाढून ठेवलंय.

भिजून आल्यावरचं काम पाच मिनिटांचं आहे. सायकल दोनदा जमिनीवर हलकी आपटा, मडगार्ड आणि चेनकव्हरमधलं पाणी खाली येतं. चेन पुसा, रिम पुसा. सीटवर ओलं प्लॅस्टिक असेल तर काढा, नाहीतर आतला फोम आठवडाभर ओला राहतो आणि सीटखालच्या स्प्रिंगा आधी गंजतात. श्रावणात कानबाईच्या सणाआधी घर धुवून काढतो, तेव्हाच सायकलचंही एकदा सगळं बघावं. पावसाळ्याच्या मध्यावर तो मुहूर्त बरोबर पडतो.

चेन वाचेल की बदलावी, हे फूटपट्टीने कळतं. चेन ताणून धरा, एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा आणि पुढच्या पिना मोजत जा. २४ वी पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. इंचाचा सोळावा भाग पुढे गेली तर चेन संपत आलीय. आठवा भाग गेली असेल तर ती रोज दाते खातेय, त्याच आठवड्यात बदला.

गंज चढून गेला असेल तर

क्रोमच्या रिमवरचा, हँडलवरचा पातळ तांबडा थर घालवायला पोळ्या गुंडाळायची अॅल्युमिनियम फॉइल घ्या. चुरगळून पाण्यात बुडवा आणि घासा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडे पडत नाहीत आणि गंज निघतो. पॉलिश पेपर क्रोमला लावू नका, क्रोमच निघून जाईल. चिंच, लिंबू चेनला तर लावूच नका. आम्ल जोडाच्या आत राहतं आणि दोन दिवसांत आणखी गंज येतो.

फ्रेमचा रंग उडून लोखंड दिसत असेल तर घासून रेड ऑक्साइड प्रायमर आणि वर रंग. हे काम मे महिन्यात किंवा दसऱ्यानंतरच करा. पावसाळी हवेत प्रायमर मारला तर ओल आत दबते आणि रंग पापुद्र्यासारखा उठतो.

सीटचा दांडा वर्षातून एकदा पूर्ण बाहेर काढा, ग्रीस लावा, परत बसवा. कुणाला हे सुचत नाही. दांडा फ्रेममध्ये गंजून बसला की मुलगी वाढते, सीट वर होत नाही, आणि पोर गुडघे छातीशी घेत सायकल चालवत राहते. दांडा अडकलाच असेल तर डब्ल्यूडी-४० मारून रात्रभर सोडा, मग सीट धरून हळूहळू आडवी फिरवत काढा. हातोडा मारू नका.

सीटचा दांडा फ्रेममध्ये शिरतो तिथल्या फटीतून पावसाचं पाणी फ्रेमच्या आत उतरतं आणि खाली पायडलांच्या एक्सलपाशी साचतं. बऱ्याच फ्रेमना त्या आडव्या नळीच्या तळाला एक बारीक भोक असतं, पाणी निघून जायला. ते मातीने बुजलेलं असतं. तारेने मोकळं करा. पायडल फिरवताना आत वाळू दळल्यासारखा आवाज येत असेल तर मिस्त्रीकडून एक्सल खोलून छर्रे आणि ग्रीस बदलून घ्या. कपांना खड्डे पडायच्या आधी केलं तर स्वस्तात होतं.

ब्रेकची तार अडकत असेल तर वरच्या टोकाला इंजिन ऑइलचे थेंब सोडून ब्रेक पुन्हा पुन्हा दाबा. तारेचा एकजरी पदर तुटलेला दिसला तर तेल नको, नवी तारच.

सावलीतही सांभाळून

निंबाखाली सायकल लावायला हरकत नाही, दवही कमी पडतं. फक्त जूनमध्ये निंबोळ्यांचा चिकट राडा चेनवर पडतो तेवढा पुसा. बाभळीखाली मात्र नको, वाऱ्याने पडलेला एक काटा पुरतो. अंगणात, बांधावर सराटे उगवले असतील तर फुलं दिसताच उपटा. त्यांचे काटे वाळले की टायरमध्ये शिरतात आणि बारीक पंक्चर करतात, जे घमेल्यातल्या पाण्यातही पटकन दिसत नाही. टायरच्या आतून हात फिरवून मोडलेलं टोक काढल्याशिवाय ठिगळ लावू नका.

पावसाळ्यात ताडपत्रीच्या घडीत गांधीलमाशी घर करते, विटांच्या खाचेत विंचू बसतो, कधी साप. सकाळी मुलांना सायकल काढायला पाठवण्याआधी काठीने एकदा ठोकून बघा.

शाळेच्या आवारातलं राहिलं. सायकल दिवसातले सहा-सात तास तिथे असते आणि बऱ्याच शाळांत ती मैदानाच्या कडेला उन्हात, पावसात उभी असते. घरी कितीही जपलं तरी हे तास भरून निघत नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय मांडा. पाइपाचा सांगाडा, उन्हाळ्यात शेडनेट, पावसाळ्यात वर पत्रा किंवा ताडपत्री, खाली मुरूम आणि विटा, एवढंच लागतं. गावात कुणाकडे तरी शेडनेट पडलेली असते, पालकांनी एक रविवार दिला तर रांगेने वीस-पंचवीस सायकली सावलीत येतात. जागा निवडताना पश्चिमेची बाजू कशी अडवायची ते आधी बघा, आणि शाळेच्या छताची पन्हाळ कुठे पडते तेही.